शांतिदिनाची सकाळची गाडी

आउग्सबुर्गच्या त्या जुन्या गिरणीवस्तीतल्या इमारतीत गेर्लिंडेला सगळे स्टेशनमास्तरीणबाई म्हणत. सबंध आयुष्य तिनं गिरणीच्या उपाहारगृहात सूप वाढण्यात घालवलं. नवरा गेला, गिरणी बंद झाली, मुलगी रेगिना नोकरीसाठी म्युनिकला गेली, आणि रिकामं घर खायला उठल्यावर तिला हा नाद लागला. बव्हेरियातला कुठलाही किल्ला, कुठलाही राजवाडा सांगा. मोटारीशिवाय तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी कसं परतायचं, हे तिच्या जिभेवर असे. लिंडरहोफची परतीची बस चुकली तर डोंगरात अडकायला होतं, कीम तळ्यातल्या बेटावर जायला आधी होडीची रांग धरायची आणि कॉफी नंतर, हे ती इतक्या ठामपणे सांगे की शेजारीपाजारी मुकाट तिच्यामागून चालत. पाच जणांना एकाच तिकिटावर दिवसभर राज्यभर फिरता येतं, म्हणून ती माणसंही मोजून पाचाच्या आत घेई.

त्या ऑगस्टातली सहल मात्र त्सेंटाबाईंसाठी होती. त्सेंटाबाई वरच्या मजल्यावरच्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचा जन्म फ्युसनचा. तरुणपणी त्यांनी नॉयश्वानस्टाइनच्या पायथ्याच्या हॉटेलात चादरी धुतल्या होत्या. रोज मान वर केली की राजवाडा दिसायचा, पण आत त्या कधी गेल्या नाहीत. गावच्याच माणसांनी तिकीट काढून कशाला बघायचं, असं तेव्हा वाटायचं. आता एक डोळा गेला होता, आणि दुसरा हिवाळ्यापर्यंत साथ देईल असं डॉक्टर म्हणाले होते.

"सिंहासनाची खोली निळी आहे म्हणतात," त्या एकदा जिन्यात म्हणाल्या. "निळा अजून दिसतो मला."

गेर्लिंडेनं तिथल्या तिथे ठरवलं. आठ ऑगस्ट, शांतिदिन, शहराला सुट्टी. एरवी कामाच्या दिवशी ते पाच जणांचं तिकीट सकाळी नऊनंतरच चालतं, सुट्टीला अट नाही. म्हणजे भल्या सकाळची गाडी धरता येईल, त्सेंटाबाईंना हळूहळू चढता येईल, गर्दी व्हायच्या आत आत शिरता येईल. आत सोडण्याची वेळ राजवाड्याच्या तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया, म्हणून तिनं सकाळचीच वेळ घेतली.

रेगिना फोनवर म्हणाली होती, "येते मी, पण रजा टाकावी लागेल. आमच्याकडे नाहीये ना सुट्टी."

"टाक की. आईसाठी एक दिवस."

चौथे झावेर, निवृत्त ट्रामचालक. ते म्हणाले, "नऊनंतर निघू या ना. म्हातारपणी कोंबड्याबरोबर उठायचं म्हणजे शिक्षा."

"इतकी वर्षं ट्राम चालवलीत आणि आता अंथरूण सुटत नाही? राहा मग घरी."

झावेर मुकाट्यानं आले. येताना सगळ्यांसाठी खारे ब्रेत्सेल पाव घेऊन आले.

गाडीत गेर्लिंडे फुलून गेली होती. मुलगी शेजारी बसलेली होती, आणि आईला काय काय जमतं हे तिला एकदा नीट दिसावं अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. रेगिना हल्ली फोनवर 'औषध घेतलंस का, दार लावलंस का' असं विचारू लागली होती, आणि गेर्लिंडेला ते टोचत असे.

तिकीट तपासनीस आला. त्यानं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"हे नऊनंतर चालतं, बाई."

"साहेब, आज सुट्टी आहे," गेर्लिंडे हसून म्हणाली. "तुम्ही कामावर आहात म्हणून विसरलात वाटतं."

"आउग्सबुर्गला सुट्टी. फक्त आउग्सबुर्गला. मी काउफबॉयरनचा. माझी बायको आज दुकानात उभी आहे." तो आवाज खाली आणून म्हणाला, "राज्यभर सुट्टी असेल तरच सवलत. दंड लावत नाही. बुखलोएला उतरा आणि नऊनंतरची गाडी घ्या."

गेर्लिंडेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जन्मभर तिनं हा दिवस पाळला होता. शाळेत, गिरणीत, चर्चमध्ये. तो वेशीबाहेर नसतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं फक्त त्याचा कधी विचारच केला नव्हता. आणि रेगिनाची रजा? ते तर तिच्या कानात सांगितलं होतं.

बुखलोएच्या फलाटावर चौघं उभी राहिली. त्यांची गाडी पुढं निघून गेली.

"काहीतरी नियम बदललेला दिसतोय," गेर्लिंडे म्हणाली. कोणाकडेच न बघता.

रेगिनानं तिच्याकडे पाहिलं. एरवी झावेरनी आठवडाभर पुरेल इतकी थट्टा केली असती. आज त्यांनी फक्त पिशवीतून एक पाव काढला आणि तिच्यापुढं धरला. तो तिला घेववेना.

त्सेंटाबाई बाकावर टेकल्या. "माझ्यामुळं झालं हे," त्या म्हणाल्या. "माझे पाय चालत नाहीत म्हणून तुला एवढ्या लवकरची गाडी घ्यावी लागली. मी मागायलाच नको होतं गं."

गप्प बसणं सोपं होतं. म्हातारीनं आपणहून ओझं उचललं होतं, आणि गेर्लिंडेला क्षणभर, अगदी क्षणभर, हलकंही वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"नियम बदललेला नाही, त्सेंटाबाई. चूक माझी आहे. आपली सुट्टी बाहेर चालत नाही. रेगिनानं सांगितलं होतं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. झावेरही नऊनंतर निघू म्हणत होते."

"मी झोपेसाठी म्हणत होतो," झावेर पुटपुटले. "माझ्या माथी शहाणपण नका मारू."

"आत जायला मिळेल ना पण?" त्सेंटाबाईंनी विचारलं.

"आपली वेळ टळेल. मी विचारून बघते."

तिनं विचारलं. नऊनंतरच्या गाडीनं फ्युसन, तिथून उभ्यानं बस, आणि खाली तिकीटखिडकीशी तिनं आयुष्यात कोणापुढं केली नव्हती तशी अजिजी केली. खिडकीतली मुलगी चांगली होती. तिनं दोनदा तपासून पाहिलं. ऑगस्ट महिना. दिवसभरात एकही जागा नव्हती.

राजवाड्याच्या अंगणापर्यंत तिकिटाशिवाय जाता येतं, म्हणून छोट्या बसनं सगळी वर गेली. त्सेंटाबाई पायरीवर बसल्या. माणसांचे घोळके फलकावर आपला आकडा लागला की आत जात होते. रेगिना फोनवरचं चित्र बघून त्यांना निळ्या खोलीचं वर्णन सांगू लागली: छतावर तारे, खाली फरशीत जनावरं.

"निळा कसा? गडद?"

"गडद. मधे मधे सोनेरी."

"हं." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मागेपुढे करून पाहिला आणि परत दिला. "फार लहान आहे गं."

आपण पुन्हा येऊ, असं कोणीतरी म्हणेल अशी गेर्लिंडेला भीती वाटत होती. कोणी म्हणालं नाही.

उतारावर रेगिना पुढं झाली आणि तिनं त्सेंटाबाईंसाठी हात पुढं केला. म्हातारीनं तिचा हात चाचपला, ओळखला आणि बाजूला सारला. "तू नको, तुझी आई कुठाय?" म्हणत ती वळली आणि गेर्लिंडेच्या कोपराला घट्ट धरून चालू लागली. म्हातारीनं रागावून रेगिनाचा हात धरला असता तर बरं झालं असतं, असं गेर्लिंडेला वाटलं. खाली बसथांब्यापर्यंत गेर्लिंडेनं मान वर केली नाही. फक्त वाटेतला प्रत्येक दगड ती त्सेंटाबाईंना हळू आवाजात सांगत राहिली.