मऊ दगडातली बाई

कचेरीसमोर रबरी शिक्के करून देणारा हा माणूस उलटं वाचण्यात इतका पटाईत होता की, सरळ मजकूर वाचायलाच त्याला जास्त वेळ लागतो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. छंदही त्याला धंद्याला शोभेलसाच जडला होता, प्राचीन मुद्रा जमवण्याचा. नखाएवढ्या दगडावर कोरलेला बैल, गलबत, एखादा राजा. जुन्या बाजारात तो भिंग लावून तासन्‌तास बसे आणि बायको नाक मुरडी. "दिवसभर शिक्के, सुट्टीतही शिक्केच. माणसाने थोडी तरी हौस बदलावी."

दुकानात ती त्याच्या उजव्या हाताला स्टुलावर बसून रबर कापून द्यायची. सव्वीस वर्षं त्याने तिला पाहिलं ते असं, एका बाजूने. ती गेल्यावर फोटो काढून बघितले, तर सगळ्यांत ती समोर बघत, ओठ आवळून उभी. त्या बाईला तो फारसा ओळखतच नव्हता.

वर्षभराने जुन्या बाजारातल्या दुकानदाराने त्याच्यापुढे एक काळपट मुद्रा ठेवली. तिच्यावर एका बाजूने कोरलेला बाईचा चेहरा होता. त्याने नेहमीप्रमाणे ती ओल्या मातीवर दाबली, उचलली, आणि भिंग लावून तो ठशावर वाकला. तेच किंचित वाकडं नाक. तीच हनुवटी, भांडणात तिच्याही आधी पुढे व्हायची ती. हजारो वर्षांपूर्वी कुणा कारागिराने ह्याची बायको ह्याच्याआधी पाहून ठेवली, याचा त्याला, खरं सांगायचं तर, रागच आला. तरी घासाघीस न करता त्याने मुद्रा घेतली.

त्यानंतर दुकान उघडलं की पहिलं काम तेच. मातीवर ठसा घ्यायचा, उजवीकडच्या रिकाम्या स्टुलावर ठेवायचा, आणि मुद्रा ताठ ब्रशने खसाखसा घासून डबीत टाकायची. रबराचे शिक्के असेच घासतात. संध्याकाळी तो ठसा मोडून माती पुन्हा मळून ठेवी. दोन चेहरे एकदम असलेले त्याला नको वाटत.

काही महिन्यांनी ठशातली बाई बदलायला लागली. गाल ओघळले, पापणी पुसट झाली. "आमची ही आता थकलीय हो," तो एका गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाईक शिक्का घेऊन लगबगीने निघून गेलं. त्याला स्वतःला मात्र यात काही नवल वाटलं नाही. ती असती तर म्हातारी झालीच असती. काम करता करता तो न बघता उजवीकडे हात पसरी आणि रबराचा तुकडा हातात पडायची वाट बघे. एकदा तो पडला, असं त्याने लेकीला फोनवर सांगितलं.

मग एका सकाळी दारातल्या उन्हात त्याला ब्रशवर राखाडी भुकटी दिसली. त्याने ती बोटांत चोळून पाहिली. दगड मऊ होता. ती म्हातारी होत नव्हती. तोच तिला रोज घासून संपवत होता.

नाक जवळजवळ गेलंच होतं. झिजलेल्या मुद्रेला आपलं हत्यार लावायचं नाही, हे मुद्रा जमवणाऱ्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. यावरून त्याने इतरांना चांगलं फैलावर घेतलं होतं. पण हा हात आयुष्यभर उलटं कोरत आलेला. सव्वीस वर्षं पाहिलेलं नाक आपल्याला येणार नाही, तर कुणाला येणार? त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि बारीक कोरणीने नाक, ओठ, हनुवटी पुन्हा खोल केली. जेवायचं भानही राहिलं नाही.

ठसा आला तो लख्ख. रेघ न्‌ रेघ स्वच्छ.

रविवारी लेक आली. तिने ठसा उजेडात धरून पाहिला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

"नीट बघ."

"बघितलं, बाबा. आई नाहीये ही." मग ती जवळ बसली. "आईचं नाक कसं होतं, सांगा बरं."

त्याने डोळे मिटले. स्टूल दिसलं. कात्री धरलेले हात दिसले, कोपरापाशी उसवलेली बाही दिसली. नजर वर नेली, तर तिथे हीच होती, लख्ख, देखणी, परकी. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले, तरी ती काही त्या स्टुलावरून उठेना.