काकांचं टेबल, नवे बेअरिंग आणि तिरोडीचं गेट

आधीच सांगतो, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नका. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यात बालाघाटात दिवसभर हिंदी कानावर पडते, म्हणून माझे शब्दही साधेच येतात. चुकलं तर माफ करा. पण आमच्या वर्कशॉपचे किस्से फार साचलेत. टेबलाखाली लोखंडाचा चुरा साचतो तो निदान झाडता येतो, हे झाडताही येत नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा त्याला चिकटूनच वर येतो!

वर्कशॉप म्हणजे काकांच्या घराचा पोर्च. काका सरकारी नोकरीतून रिटायर झाले. त्या वयात लोक तीर्थयात्रेला जातात, काका कॉम्प्युटर शिकायला गेले. मग त्यांनी घरीच पत्रा कापायचं टेबल बनवलं, सीएनसी प्लाझ्मा. टेबलावर पत्रा ठेवायचा. वर एक आडवा पूल, पुलाला टॉर्च, म्हणजे आगीची पिचकारी. पूल दोन रुळांवरून लहान-लहान बेअरिंगांवर पळतो, आणि कुठे पळायचं ते कॉम्प्युटर सांगतो. रफीक वेल्डिंग करायचा, मी टेबल चालवायचो, आणि काकू आम्हा तिघांना चालवायच्या.

एका साली काकूंनी माझं लग्न मनावर घेतलं. तिरोडीची सुनंदा. पाहायला गेलो तेव्हा मी एकच शब्द बोललो, ‘हौ’. तोही चहा घेता का विचारल्यावर!

तिचे वडील काकांना म्हणाले, “पोरगा तं तोंडच उघडत नाही. मले घराले गेट बनवाचं आहे, त्याच्यावर मोर पाहिजे. माह्यासमोर कापू द्या त्याले. पाहू, हात तरी चालते का. मंग पुढची गोष्ट करू.”

“या न रविवारी!” काका म्हणाले.

सुनंदा मला आवडली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुनंदाला तर नाहीच. आणि नेमके तेव्हाच आमचे बेअरिंग गेले!

*

बेअरिंग गेले हे आम्हाला एका गिऱ्हाईकाने सांगितलं. लामत्याच्या एका पाटलांनी टाकीचं गोल झाकण कापायला दिलं होतं. कापलेलं झाकण त्यांनी हातात घेतलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“काका, मी गोल सांगतलं होतं. हे तं आलू होये!”

काका हार मानणारे नाहीत. म्हणाले, “जवळून तसं दिसते. थोडं दूरून पाहा, एकदम गोल आहे.”

पाटील खरंच फाटकापर्यंत मागे गेले. खिशातून नोट काढली, तिथूनच हलवली आणि म्हणाले, “मंग तुम्ही पैसेही दूरूनच पाहा!”

*

काकांचा संशय आधी व्होल्टेजवर गेला. मग ते म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. एका पोराला बोलावून अँटिव्हायरस टाकला. मॉनिटरवर हिरवी खूण आली, आणि पूल पहिल्यासारखाच कर्र-कर्र करत निघाला.

“भलताच जिद्दी व्हायरस आहे,” काका म्हणाले.

रफीकने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि पूल दोन्ही हातांनी धरून हलवला. खटखट, खटखट! म्हातारीच्या दातासारखा पूल हलत होता.

“काका, ये देखो,” तो म्हणाला, “व्हायरस तो हाथ में आ रहा है!”

*

नवे बेअरिंग आणायला मला गोंदियाला पाठवलं. नमुन्याला एक जुनं खिशात होतं. पण दुकानदाराशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. मी कोपऱ्यात उभा राहिलो. माझ्यामागून लोक आले, माल घेऊन गेले.

मग शेठजींची नजर माझ्यावर पडली. “अरे, खडा क्या है? वो ऊपरवाला डब्बा उतार!”

मी उतरवला. मग दुसरा. मग एका गिऱ्हाईकाला पंख्याचे बेअरिंग काढून दिले. दुपारी मला चहाही मिळाला. तोपर्यंत कोणता माल कुठे आहे ते मला पाठ झालं होतं. मी आमच्या मापाचे बेअरिंग स्वतःच काढले, बांधले, शेठजींना पैसे दिले आणि निघालो.

मागून शेठजी ओरडले, “कल जल्दी आना! आज बहुत देर से आया तू!”

*

बेअरिंगचं पुडकं मी ओट्यावर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेलो. परत येतो तर पुडकं रिकामं! काकूंनी सगळे बेअरिंग सोडा टाकून गरम पाण्यात धुतले होते. गच्चीवर पापडांच्या बाजूला फडक्यावर ते वाळत होते.

“काहून धुतले व काकू?” रफीक डोक्याला हात लावून म्हणाला. तो काकूंशी आमच्यासारखंच बोलायचा.

“चिकट होते न बाप्पा! नव्या वस्तूले असं तेलकट ठेवते का कोणी? दुकानदारानं फसवलं आपल्या विजूले!”

दुसऱ्या दिवशी दुपारी रफीकने बसून एकेकात पुन्हा ग्रीस भरलं. भरता-भरता लक्षात आलं, एक बेअरिंग कमी आहे. गच्ची पाहिली, मोरी पाहिली, काकूंनी कावळ्यांना शिव्या दिल्या. इकडे रविवार जवळ येऊन राहिला होता.

तेवढ्यात वारासिवनीहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. सकाळीच काकूंनी तिला पापडांचा डबा पाठवला होता.

“ताई, पापड मस्त झाले व. पण एक लय कडक निघाला. यांनी चावून पाह्यला, तळूनही पाह्यला!”

बेअरिंग बसच्या कंडक्टरच्या हाती परत आलं. सोबत बहिणीने लोणचं पाठवलं होतं.

*

शनिवारी आम्ही सगळे बेअरिंग बदलले. पूल बोटाने ढकलला तरी लोण्यासारखा सरकत होता. काकांनी नमुना म्हणून एक गोल कापायला लावला. तो इतका गोल आला की काकांनी तो भिंतीवर देवाच्या बाजूला टांगला.

रविवारी सुनंदाचे वडील आले. सोबत सुनंदाही आली. हे कोणी सांगितलं नव्हतं! मी आवाज न करता कॉम्प्युटरच्या मागे जाऊन उभा राहिलो.

“थांबा,” काकू म्हणाल्या, “नवं सामान बसवलं न. पूजा केल्याबिगर चालू कराचं नाही.”

त्यांनी टेबलाला हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. काकांनी नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायला लावला, टेबलावर पाणी नको म्हणून. मग मी बटण दाबलं. पूल निघाला. मोराचा पिसारा कापला, एकेक पीस जसंच्या तसं! सुनंदाचे वडील मान हलवत होते. काका मिशीत हसत होते.

मोराच्या मानेपाशी पूल आला, ‘टुण्’ करून उडाला, पण कापत पुढे गेलाच.

मी धावत जाऊन पाहिलं. रुळावर, कुंकवाच्या बोटाशेजारी, काकूंनी वाहिलेल्या अक्षता! बेअरिंग बरोबर त्यांच्यावर चढलं होतं.

थंड झाल्यावर रफीकने मोर उचलून भिंतीला उभा केला. पिसारा राजासारखा. पण मान एकदम खाली वळलेली, चोच छातीत.

सुनंदाचे वडील वाकून पाहत होते.

“काय जी,” ते म्हणाले, “हा मोर काहून लाजून राह्यला?”

काका म्हणाले, “थोडं दूरून पाहा...”

मी चपलांकडे पाहत उभा. मान खाली, हनुवटी छातीत. कान गरम झाले होते.

आणि सुनंदा हसली. तिने एकदा मोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “मले हाच पाहिजे. गेटच्या दुसऱ्या पल्ल्यावरही असाच. जरासाही वेगळा नाही चालणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूळ घासून-पुसून साफ केले, दुसऱ्या पल्ल्याचा पत्रा टेबलावर चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. मग आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न विचारता, मी तोंड उघडलं.

“काकू,” मी म्हणालो, “चिमूटभर अक्षता द्या न.”