पदरातला बगीचा

काय तोंड घेऊन सांगू तुमाला! चहा उकळंस्तोवर ऐका, मग पोटभर हसा.

चैत्रातली गोष्ट. आमच्या सोनपेठात नळाला आठ दिसाला पाणी, तरी बायांनी कुंड्या लेकरावाणी जपलेल्या. मग धा-बारा जणींनी ठरवलं, एक दिस ऊन चढायच्या आधी घरोघरचे बगीचे बघायचे.

माझा हात गप बसंल व्हय? पहिल्या घरी गुलाबाची काडी मोडली, पदरात टाकली, पदर कंबरंला खोचला. दुसऱ्या घरी जास्वंद. तिसऱ्या घरी मोगरा.

आन् माझ्यावर कुणाचा डोळा जाऊ नये म्हणून दारातूनच वरडायचे, "बायांनो, आमच्या कमलपासून झाडं सांभाळा! लय लांब हात हाय तिचा!"

कमल म्हंजे माझी धाकटी जाऊ. देवाला फूल तोडताना झाडालाबी विचारणारी बाई!

"अक्का, हे काय बोलायलाव?" ती रडकुंडीला आली.

"अगं, गंमत!"

गंमत कुठली! चौथ्या घरी एकीनं खरंच तिची पिशवी उघडून बघितली. निघाली काय? छत्री! मी हसायला गेले, तर गुलाबाचा काटा पोटात! वरून जास्वंदीच्या मुंग्या कंबरंभर फिरायल्या. बसावं तर काटे, उभं ऱ्हावं तर मुंग्या. कवा घरी जाईन आसं झालं.

शेवटचं घर मास्तरीणबाईचं. पन्हं प्यालो. मी चप्पल घालायले, तर ती भिजवलेल्या हरभऱ्याचं ताट घेऊन म्होरं! चैत्राचं हळदी-कुंकू!

"मावशी, सगळ्यात मोठ्या तुमी. पहिली ओटी तुमची. पदर पसरा."

अगं माय!

"मला नको. कमलची भर."

"सवाष्णीनं ओटीला न्हाई म्हणावं का?"

"गुडघे दुखायलेत गं."

"पदर काय गुडघ्यानं पसरतेत?" कमल म्हणली, आन् तिनंच माझा खोचलेला पदर ओढला की!

सगळा बगीचा फरशीवर! मागून मुंग्यांची रांग.

एकेक वळखायली. "हा माझा गुलाब!" "आवो, हा तर माझा मोगरा!" कमल नुसती माझ्याकडं बघायली. ते लय लागलं बगा.

इज्जत वाचवायला मी म्हणलं, "चोरून आणलेलं झाड लागतं, दिलेलं लागत न्हाई. म्हाईत न्हाई का तुमाला?"

मास्तरीणबाई वाकली. एकूण एक काडी उचलून हरभऱ्यासंगं माझ्या पदरात घातली, कुंकू लावलं. "घ्या मावशी. आता ह्या आमी राजीखुशीनं दिल्या."

झालं! घरी काड्या लावल्या, आठ दिसाला आलेलं पाणी मी त्यांलाच पाजलं. एक काडी जगंल तर शपथ!

परवा कमल समद्या बायांला घेऊन दारात हजर. "अक्का, तुमचा बगीचा दाखवा की!"

दाखवला. वाळलेल्या काड्या, आन् मधी ओटीतला एक हरभरा उगवलेला.

बाया त्यालाच रांगेनं हळदी-कुंकू वाहून गेल्या!