काकांचा सूर्य
परवा पुतण्यानं खाप्याच्या, आमच्या गावच्या घरच्या, जुन्या ट्रॅक्टरला एलईडी बसवला आणि मला काकांचा बल्ब आठवला. मी शाळेत होतो. दिवेलागणीला काकूला कळा सुरू झाल्या. दवाखाना नागपुरात, आणि ट्रॅक्टरचा एकुलता दिवा गेलेला. काकांनी मोटारसायकलचा सहा व्होल्टचा बल्ब बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरला लावला. काय उजेड पडला महाराजा! "पाय वं, तुह्यासाठी सूर्य आणला!" ट्रॉलीतल्या कडब्यावर कण्हता कण्हता काकू हसली, "मंग चाला नं, तो बुडाच्या आंधी!" सावनेरच्या अलीकडेच सूर्य फट्कन गेला. पुढं काका कंदील धरून चालत राहिले, मागून वडील ट्रॅक्टर रांगवत राहिले. दवाखान्यात पोचेस्तोवर उजाडलं होतं. बाळ रडलंच नाही. परवा एलईडी लागताच अंगणात सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काकू तेवढी उठून आत गेली.