मंगळवारचं प्रस्थान

बैल जुंपून दारात आलेली दमणी मी परत पाठवली, ही त्या दिवसाची पहिली चूक. लेकीला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीसाठी माहेरी आणायचं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गुरुवारी. बुधवारी लेक सासरहून निघत नाही. म्हणजे मंगळवारीच, दिवेलागणीच्या आत तिनं उंबरा ओलांडायला हवा. नाहीतर निंबाला बांधलेला झोका सणाला रिकामाच.

"पाटाच्या काठानं गेलं की पुढं खाणीची जुनी रेल्वेलाईन. सरळ वाट! दुपारी पोचतो, येताना व्याह्यांची गाडी आहेच," असं मी चारचौघांत सांगून बसलो. बायकोनं दुरडीवर आणखी एक फडकं घट्ट बांधलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोबत साळा, बायकोचा धाकटा भाऊ. मळेवाल्यांनी पाट जागोजागी फोडून पाणी वांग्यांच्या वाफ्यांत घेतलेलं, त्यामुळं काठाचा सगळा चिखल. वहाणा हातात, धोतर गुडघ्यावर अन् डोक्यावर सांजोऱ्यांची दुरडी.

"भाऊजी, दमणी काऊन वापस धाडली?"

"चाल बे गुमान."

जुन्या लाईनीवर चिखल नव्हता, एवढंच तिचं कौतुक. लढाईत सरकारनं लोखंडासाठी रूळ उखडून नेले, खडी तेवढी आमच्या तळव्यांसाठी ठेवली. खाली उतरावं तर बाभळीचे काटे. नाल्यापाशी आलो, तर पुलाचे खांब उभे, वर पूल नाही! रूळ नेणारे पुलाचं लोखंड कशाला सोडतील, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"तुमची सरळ वाट वरून जाऊन राह्यली, भाऊजी," साळा म्हणाला.

नाला उतरून पलीकडं चढेपर्यंत ऊन कलंडलं. दुरडी तेवढी कलंडली नाही.

लेक सकाळपासून गाठोडं बांधून दाराशी बसलेली. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि पदराआड तोंड फिरवलं.

"इवाई, गाडी जुंपेपर्यंत दिवे लागतात," विहीणबाई म्हणाल्या. "अन् उद्या बुध. जाशील बुधी, येशील कधी."

मी चिखल खरवडत बसलो. विहीणबाईंनी क्षणभर सुनेकडं पाहिलं. मग उठल्या, गाठोड्यात सुपारी बांधली आणि ते वेशीबाहेरच्या जाऊबाईंच्या घरी नेऊन ठेवायला सांगितलं.

"झालं हिचं प्रस्थान. निघाली मंगळवारीच. उद्या गाडीत बसंल, ते वाटेतलं."

लेक हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

बुधवारी सडकेनं, त्यांच्या गाडीत, जेवणवेळेच्या आत घरी पोचलो. बायकोनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला. ओसरीवर साळा पुलाची हकिगत तिखटमीठ लावून सांगत होता. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली,

"पुढच्या खेपेले तुमचंच प्रस्थान आठ दिवस आधी ठेवीन."