नळ यायच्या आधी

हल्ली मी पहाटे उठून गॅलरीत चटई टाकून बसते. मन थोडं शांत राहावं, दिवसभर कुणावर खेकसू नये, एवढीच माफक अपेक्षा. डोळे मिटते, लांब श्वास घेते, आणि तो सोडायच्या आत स्वयंपाकघरातला उघडा ठेवलेला नळ फुसफुसायला लागतो. आधी नुसती हवा, मग गढूळ थेंब, मग धार. सासूबाई अंथरुणातूनच ओरडतात, "अगं, नळ आला!" झालं! चटई तिथेच राहते आणि मी हंडा घेऊन ओट्यापाशी.

भरता भरता मनात चडफडते. सकाळचा वेळ स्वतःला द्या म्हणे! असं सांगणाऱ्यांच्या घरी दिवसभर पाणी असणार. आमच्या गल्लीत नळ खोकला की बायकांनी उठायचं, आणि पाणी गेलं की मगच श्वास घ्यायचा.

आज नळ आलाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "आज काही पाणी येत नाही. बस निवांत."

बसले. कुणी हाक मारली नाही, कुठे बादली वाजली नाही. मला हवी होती तशीच सकाळ. पण माझे कान आपले स्वयंपाकघराकडेच! श्वास आत गेला की पिंपाचा तळ दिसायचा. मनाला जसजशी शांत हो, शांत हो म्हणत होते, तसतशी जास्तच चिडत होते.

शेवटी उठले. कोरड्या नळाखाली हंडा नेऊन ठेवला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.