अप्पांचं यंदाचं

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या गल्लीत दोन भविष्यं ऐकायला मिळत. एक देवळात, पंचांग उघडून: पाऊस किती, धान्य किती, कुठल्या राशीला कसं. दुसरं अप्पा जॉबरांच्या ओट्यावर. तिथं पंचांगबिंचांग काही नसे. कडुनिंबाचा पाला चावून तोंड वाकडं झालेलं असतानाच अप्पा ओट्यावर उभे राहत आणि म्हणत, "ऐका, यंदाचं सांगतो." येत्या वर्षात आपण किती पळणार, किती सायकल मारणार, किती पोहणार ते मग जाहीर होई. देवळापेक्षा इथं गर्दी जास्त. कारण देवळातलं भविष्य खरं ठरलं की खोटं, हे पाहायला कुणी जात नसे. अप्पांचं मात्र सगळी गल्ली वर्षभर पाहत असे. आणि ते दरवर्षी हटकून खोटं ठरे.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या सोलापुरातली. अप्पा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. बुटके, पोट सुटलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी त्याच कारखान्याच्या घडी खात्यात कारकून. विणून आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालून घ्यायच्या आणि पुढं धाडायच्या, हे माझं काम. शंभर माग एकदम खडखडत असताना त्यातला कुठला रडतोय हे अप्पा दारात उभं राहून सांगत. मला शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे.

हा कानच त्यांच्या संकल्पांच्या मुळावर यायचा. एका वर्षी त्यांनी सांगितलं होतं, सायकलनं एका दिवसात विजापूर गाठून परत. पहाटे निघाले, विजापूरला पोचले, उलटेही फिरले. मंद्रूपपर्यंत आले. आता घर हाकेच्या अंतरावर म्हणायचं, तोच रस्त्याकडेच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटाफट वाजताना त्यांना ऐकू आला. संपलं! सायकल भिंतीला टेकवून अप्पा आत शिरले. दळणाला आलेल्या बायका ताटकळत बसलेल्या, गिरणीवाला घामाघूम झालेला. पट्टा बसवून होईतो दिवस मावळला आणि गिरणीवाल्यानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा हँडलला ज्वारीच्या पिठाची पिशवी अडकवून गल्लीत हजर. "जमलं का?" कुणीतरी विचारलं. "पट्टा लई चांगला बसला," अप्पा म्हणाले.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी जाहीर केलं, वर्षभर कामावर पळत जायचं नि पळत यायचं, एकही दिवस न चुकता. त्या रस्त्यावर तेव्हा खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. पहिल्याच दिवशी एका बाईनं पाटी खाली ठेवून काळजीनं विचारलं, "कुनी गेलं का वं दादा?" अप्पा म्हणाले, "न्हाय की. कामाला चाललोय." "मग पळताय कशापाई? कुनी मागं लागलंय का काय?" दुसऱ्या दिवसापासून ते सायकलच्या जुन्या ट्यूबनं पाठीला पाण्याचा डबा बांधून पळू लागले. तो डबा खडीवाल्या बायकांजवळ रिकामा होई. कार्तिकात शेजारच्या पोरीला ताप चढला म्हणून तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं, तेवढा एक दिवस चुकला. कुणाला पत्ताही नव्हता. पण संध्याकाळी अप्पांनी स्वतःच ओट्यावरून सांगून टाकलं, "मोडलं बरं का यंदाचं." आम्ही म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? तर म्हणाले, "मागात एक धागा तुटला तर मी माग थांबवतो. मग हितं का नको?"

अप्पांच्या घरी अव्वा होत्या. अव्वा म्हणजे त्यांच्या बायको, पण सगळी गल्ली त्यांना कानडीत आईला म्हणतात तसं अव्वाच म्हणे. बोलणं मोजकं, आवाज खणखणीत. नवऱ्याच्या संकल्पांना त्या 'थेरं' म्हणत आणि त्याच थेरांसाठी पहाटे उठून कडक भाकऱ्या नि शेंगाचटणी बांधून देत. पण एका हिवाळ्यात पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीत पोहताना अप्पांच्या पायात गोळा आला. तिथं म्हशी धुणाऱ्या एका माणसानं मानगूट धरून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा अव्वांचा धीर सुटला. पुढच्या पाडव्याला अप्पांनी ओट्यावरून "यंदा खाणीत शंभर फेऱ्या, मधे न थांबता" असं सांगताच अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "ऐका सगळेजन," त्या म्हणाल्या, "जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर फुडल्या पाडव्याला यांनी तोंड उघडायचं न्हाय. कायमचं. घ्या विभूतीची शपथ." अप्पांनी कपाळाला बोट लावून शपथ घेतली. घेताना त्यांचा चेहरा जो उतरला, तो पाहून मला पहिल्यांदा कळलं की ही थेरं नव्हती. दिवसभर मागांच्या धुळीत उभ्या असलेल्या त्या माणसाचं वर्ष या एका गोष्टीवर तोललेलं असे. ती गेली तर मागं नुसतं कॅलेंडर उरणार होतं.

ही खाण विजापूर रस्त्याला होती. आडवी सुमारे साठ पावलं भरेल. अप्पांनी पावसाळा संपल्यापासून तिथं सराव धरला. सरावात मोजत नसत. मोजायला लागलं की दम लागतो म्हणत. दिवस ठरला फाल्गुनातला, पाडव्याच्या आधीची सुट्टी. अव्वांना साक्षीदार हवा होता. अप्पांनी माझं नाव सुचवलं. "घडीवाल्याचं मोजनं कदी चुकत न्हाय," असं ते म्हणाले आणि मी भलताच फुगलो. अव्वा मला तम्मा म्हणत, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्यांनी माझ्या हातात ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब दिली. गोळा आला तर उडी मारायची. मला पोहता येत नाही हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी सहाला अप्पा पाण्यात उतरले. मी अलीकडच्या कडेला दगडावर बसलो, डावीकडं शंभर खडे मांडले. अप्पा पलीकडं जाऊन येत, माझ्या पायाजवळच्या दगडाला हात लावत, की मी एक खडा उजवीकडं सरकवायचा आणि दर दहाला ओरडून सांगायचं. "दहा!" म्हणून मी ओरडलो तेव्हा अप्पांनी चमकून वर पाहिलं, पण थांबले नाहीत. वीस, तीस झाले. ऊन वर आलं. अव्वा जरा लांब बाभळीखाली बसून पाण्याकडं न बघता भाकरीचं फडकं सोडत होत्या, बांधत होत्या. "पन्नास!" मी ओरडलो. अप्पांनी दगड धरला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही गुन्हा केलाय. "निम्मंच?" त्यांनी विचारलं. "निम्मं," मी म्हणालो. ते वळले. पण त्यानंतर त्यांचे हात पाण्यातून वर निघेनात. बासष्टाव्या खड्याला त्यांनी दगड धरला तो सोडलाच नाही.

मी आणि अव्वांनी ओढून त्यांना वर घेतलं. चादर गुंडाळली. मग अव्वांकडं न बघता अप्पा म्हणाले, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. गेली कित्येक वर्षं मी या माणसाला ओळखत होतो, पण हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जेवतानाही नाही. "दिलेला शब्द पाळतो. फुडल्या पाडव्याला न्हाय बोलनार," ते म्हणाले. आपण जिंकलो याचा अव्वांना आनंद व्हायला हवा होता. त्या पदर तोंडाला लावून मान फिरवून बसल्या.

मला राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, बासष्ट वेळा जाऊन आलात, हे काय थोडं झालं?"

अप्पांनी मान वर केली. "काय म्हनलास?"

"जाऊन आलात म्हटलं. बासष्ट वेळा."

"जाऊन बासष्ट, का जाऊन-यून बासष्ट?"

"जाऊन-येऊन. म्हणजे बासष्ट जोड."

घडी खात्यात चादर कधी एकटी नसे. दोन चादरींची मिळून एक घडी, तो एक जोड. आम्ही जोडच मोजायचो आणि बोलायचो. गेलं आणि आलं, तेव्हा कुठं माझा एक पुरा होई. पण अप्पांचा जन्म मागावर गेलेला. डावीकडून उजवीकडं धागा घेऊन धोटा गेला की त्यांचा एक, उजवीकडून डावीकडं आला की दोन. शंभर फेऱ्या म्हणजे काय, हे पाडव्यापासून फाल्गुनापर्यंत एकमेकांना विचारावंसं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

"अरं घडीवाल्या!" अप्पा चादर टाकून उभेच राहिले. "एकशे चोवीस झाल्या की रं माझ्या!" अव्वा आधी हसल्या आणि मग रडल्या. मी माझा हिशेब पुन्हा पुन्हा तपासत दगडावर बसून राहिलो. अप्पा भाकरीवर तुटून पडले. चौथी भाकरी संपल्यावर मला म्हणाले, "तू नीट मोजलं असतंस तर शंभराला भाइर आलो असतो मी. वरच्या चोवीस माझ्यात हायत हे मला मरंस्तवर कळलं नसतं." पुढं माझ्या नोकरीत नि संसारात, आता होत नाही असं जेव्हा जेव्हा वाटलं तेव्हा, आपल्यालाही कुणीतरी चुकीचं मोजत असेल असं म्हणून मी आणखी थोडं रेटत आलो आहे. त्याचा फायदा झालेला आहे.

आठवड्यानं पाडवा आला. गल्ली ओट्यापुढं जमली. अप्पा उभे राहिले आणि त्यांना काही बोलताच येईना. एवढ्या वर्षांत पुरं झाल्यावर काय सांगायचं असतं याची त्यांना सवयच नव्हती. तेव्हा अव्वा बाहेर आल्या. "सरका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "यंदाचं मी सांगते. दीडशे!" त्या दिवसापासून पाडव्याला अव्वाच बोलू लागल्या. दीडशे काही झाल्या नाहीत, त्यानंतरची दोन वर्षंही फुकट गेली, आणि गल्ली पूर्वीसारखी हसू लागली. अप्पा त्या हसण्यात सामील होत.

मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. नोकरी सुटली, खाण सुटली. अप्पा त्याच वर्षी मार्गशीर्षात गेले. पण त्याआधीच्या पाडव्याला अव्वांनी त्यांना धरून ओट्यावर आणलं, खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "यंदा गल्लीच्या टोकाचा खांब. काठी न घेता." कुणी हसलं नाही. अप्पा मात्र अर्ध्या तोंडानं हसले. रोज एकेक दार वाढवत श्रावणातल्या एका सकाळी ते निघाले. काठी माझ्या हातात, मी दोन पावलं मागं. दारादारांत माणसं उभी होती. अप्पांनी खांबाला हात लावला, आणि परत वळताना त्यांचा डावा पाय उचलेना. त्यांनी माझ्यापुढं हात केला. काठी दिली तर सगळं मोडेल म्हणून मी ती तशीच धरून राहिलो. अप्पांनीही पुढं केलेला हात मागं घेतला; खोटं चालवून घेणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. तेवढ्यात ओट्यावरून अव्वांचा आवाज आला, "दे की रं तम्मा ती काठी! मी जायचं सांगितलं हुतं. यायचं कवा सांगितलं?"

मी काठी अप्पांच्या हातात दिली, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून सावकाश घरी आलो.